हप्त्याचा दिवस चोरालाही ठाऊक असतो

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पीएम किसान सन्मान निधीचा अठरावा हप्ता वाशीम जिल्ह्यातून सुटला. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन, पंतप्रधानांची सभा, आणि एका बटणासरशी देशातल्या नऊ कोटींहून अधिक शेतकऱ्यांच्या खात्यांकडे निघालेले सुमारे वीस हजार कोटी रुपये. माणशी दोन हजार, वर्षातून तीन वेळा. हप्त्याची तारीख जाहीर झाली की कारंज्यापासून रिसोडपर्यंत सेवा केंद्रांवर तीच चौकशी सुरू होते. केवायसी झालं का, आधार जोडलंय का, यादीत नाव आहे का. नेमक्या याच दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांमध्ये एक फाईल फिरू लागते. नाव ‘पीएम किसान योजना’, वर सरकारी बोधचिन्ह, खाली ‘केवायसी न केल्यास हप्ता बंद’ असा दम. सरकारी वेळापत्रक चोरही वाचतो, आणि बहुधा आपल्यापेक्षा लक्ष देऊन वाचतो.

नेटवर्क सुरक्षेची पुस्तकं हल्ल्यांची यादी देतात. फिशिंग, मालवेअर, डीडीओएस, मॅन-इन-द-मिडल, रॅन्समवेअर. परीक्षेपुरती ती ठीक आहे. पण हल्ला काही आपलं नाव सांगत दारात येत नाही. आपल्याला दिसतं ते भलतंच किरकोळ असतं. नेट मंद झालंय, ओटीपी येत नाही, प्रिंटर बंद पडलाय, रजिस्टरमध्ये नोंदी जरा जास्तच दिसताहेत. म्हणून इथे उलट बाजूनं जाऊ. आधी काय दिसतं ते पाहू, मग त्यामागे काय असू शकतं ते.

सुरुवात त्या फाईलपासूनच. तिच्या नावाच्या शेवटी ‘डॉट एपीके’ असतं, आणि सगळी ओळख त्या तीन अक्षरांत आहे. फोटोच्या शेवटी जेपीजी येतं, पत्राच्या शेवटी पीडीएफ. एपीके मात्र अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवण्यासाठी असतं. फोटो उघडतो आणि बंद होतो. एपीके बसतं आणि राहतं. बसताना ते परवानग्या मागतं : एसएमएस वाचू का, नोटिफिकेशन पाहू का, आणि सगळ्यांत घातक म्हणजे ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ वापरू का. ही सोय मुळात दृष्टिहीनांसाठी केलेली. पडद्यावर काय आहे ते वाचून दाखवणं आणि माणसाच्या वतीनं बटण दाबणं हे तिचं काम. तीच परवानगी चोराच्या अ‍ॅपला मिळाली की तुमच्या पडद्यावर जे दिसतं ते त्याला दिसतं, आणि तुमचं बोट जिथे पोचतं तिथे त्याचंही पोचतं. मग बँकेचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तिकडे पाठवला जातो, आणि काही वेळा तुम्हाला दिसायच्या आत पुसलाही जातो. ‘मी तर कुणाला ओटीपी सांगितलाच नाही’ असं फसलेला माणूस पोलिसांत शपथेवर सांगतो तेव्हा तो खरंच बोलत असतो.

वाशीमला लागून असलेल्या हिंगोलीत ऑगस्ट २०२५ मध्ये एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाची पत्रिका आली. उघडायला गेले तर तीही एपीकेच होती. खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नसराईत पत्रिका, हप्त्याच्या वेळी पीएम किसान, एरवी वाहतूक पोलिसांचं ई-चलन. वेष्टण बदलतं, आतला माल तोच. शिवाय अशी बरीच अ‍ॅप्स फोनमधल्या सगळ्या नंबरांवर स्वतःला पुढे पाठवतात. त्यामुळे फाईल बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाकडून येते, आणि ‘अनोळखी नंबरवरची लिंक उघडू नका’ हा नेहमीचा सल्ला इथे तोकडा पडतो. पाठवणारा कोण हे पाहून भागत नाही, फाईल कोणती ते पाहावं लागतं. पत्रिकेला एसएमएस वाचायची परवानगी कशाला लागते, एवढा एकच प्रश्न विचारला तरी निम्मं काम होतं. बसून गेलं असेलच तर फोन लगेच फ्लाइट मोडवर टाकायचा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं. अ‍ॅप काढायचं ते त्यानंतर.

फिशिंगची दुसरी तऱ्हा वेबसाइटच्या पत्त्यात लपलेली असते. पत्ता आपण डावीकडून वाचतो, पण मालक उजवीकडे बसलेला असतो. पीएम किसानची खरी साइट ‘जीओव्ही डॉट इन’ वर संपते. ही शेपटी सरकारी संस्थांशिवाय कुणाला मिळत नाही. बनावट पत्त्यात पीएम किसान हे शब्द सुरुवातीला ठळक असतात, मध्ये कुठेतरी जीओव्हीही घुसवलेलं असतं, आणि शेवटी डॉट एक्सवायझेड किंवा डॉट टॉप असं काहीतरी चिकटवलेलं असतं. सुरुवातीचे जोड दांडे सोडून पहिला तिरका दांडा येण्याआधीचे शेवटचे दोन-तीन तुकडे वाचा, बाकी सगळी सजावट. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं ते याचसाठी. कुलपाचं चित्र दिसलं म्हणजे साइट खरी, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. कुलूप एवढंच सांगतं की तुमचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही. समोर बसलेला माणूस कोण आहे याची हमी ते देत नाही. आजकाल चोरांच्या साइटनाही कुलूप असतं, फुकट मिळतं.

एसएमएसची ओळख अलीकडे सोपी झाली आहे. २०२५ पासून व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर येतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारीला जी. ‘आपला हप्ता अडकला आहे’ असा संदेश साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला, तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

आता ‘सर्व्हर डाऊन’कडे वळू. जुलैचा शेवटचा आठवडा, खरीप पीक विम्याची मुदत ३१ तारखेला संपणार, सेवा केंद्रापुढे सकाळी सातपासून रांग, आणि आत चालकाचं ठरलेलं उत्तर : साइट चालत नाही. एक रुपयात विमा होता त्या दोन वर्षांत तर हे रोजचंच झालं होतं. हा हल्ला नव्हे, खरी गर्दी आहे. पण डीडीओएस नावाचा हल्ला बाहेरून अगदी असाच दिसतो. त्यात सर्व्हरवर खोट्या विनंत्यांचा एवढा मारा करतात की खऱ्या माणसाची पाळीच येत नाही. मग फरक करायचा कसा? माणसांची गर्दी माणसांसारखी वागते. ती सकाळी वाढते, जेवणाच्या वेळी ओसरते, रात्री दोनला झोपते. एक पान उघडते, नाव टाकते, चुकते, परत टाकते. यंत्रांची गर्दी एकाच पानावर सेकंदाला हजारो वेळा आदळते, पहाटे तीनलाही तेवढ्याच जोमानं, आणि ज्या मुलखात या योजनेचा एकही लाभार्थी नाही तिथून. याचाच एक जुना प्रकार म्हणजे ‘सिन फ्लड’. दोन संगणक बोलायला लागण्याआधी तीन पायऱ्यांचा नमस्कार होतो : बोलू का, हो बोला, बरं बोलतो. हल्लेखोर पहिली पायरी लाखो वेळा करतो आणि तिसरी कधीच करत नाही. सर्व्हर प्रत्येकासाठी जागा राखून बसतो आणि जागा संपते. ही अर्धवट राहिलेली बोलणी मोजली की हल्ला उघडा पडतो.

जुलै २०१६ मध्ये मुंबईतल्या काही छोट्या इंटरनेट पुरवठादारांवर असा मारा झाला आणि प्रकरण पोलिसांत गेलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मिराय’ नावाच्या मालवेअरनं इतर साइटचे पत्ते सांभाळणाऱ्या अमेरिकेतल्या डाइन या कंपनीवर हल्ला चढवला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट तासन् तास अडखळल्या. मिरायचं सैन्य कसलं होतं? घरोघरचे राऊटर आणि सीसीटीव्ही कॅमेरे. कारखान्यातून येताना असलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता. मिरायकडे अशा साठेक नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती, तेवढ्यावर त्यानं लाखो उपकरणं ताब्यात घेतली. आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात गल्ल्यावर लावलेला स्वस्तातला कॅमेराही त्याच जातीचा असतो. चोरांवर नजर ठेवायला घेतलेलं यंत्र रात्री भलत्याच देशातल्या सर्व्हरवर दगड मारत असेल, आणि मालकाला एवढंच जाणवेल की रात्री नेट जरा मंद चालतं. दुकान बंद असताना राऊटरवरून बाहेर जाणारा डेटा वाढलेला दिसला तर पहिला संशय कॅमेऱ्यावर घ्यावा.

वाटेत उभा राहून बोलणं ऐकणारा, म्हणजे मॅन-इन-द-मिडल, याच्याविषयी लोक फार घाबरतात. रेल्वे स्टेशनवरचं फुकट वायफाय वापरलं की खातं रिकामं होतं, अशी कुजबुज असते. मला ही भीती थोडी जुनी वाटते. आता बहुतेक साइट आणि बँकांची अ‍ॅप्स बोलणं कुलूपबंद करूनच पाठवतात, त्यामुळे वाटेत बसलेल्याच्या हाती फारसं लागत नाही. धोका उरतो तो राऊटरमध्ये. साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. राऊटरचा पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ असाच ठेवला असेल, तर हल्लेखोर आत शिरून ही सेवाच बदलतो. मग तुम्ही बँकेचं नाव बरोबर टाइप करता आणि पोचता दुसरीकडे. ओळखायची युक्ती साधी आहे. एकाच वायफायवरच्या दोन-तीन फोनांवर बँकेची साइट ‘प्रमाणपत्र जुळत नाही’ अशी लाल पाटी दाखवू लागली आणि मोबाइल डेटावर तीच साइट नीट उघडली, तर दोष फोनचा नाही, राऊटरचा. ती लाल पाटी बाजूला सारून ‘तरीही पुढे जा’ म्हणणं हाच खरा धोका.

किल्ली चोरून दारातून शिरण्याचा प्रकार याहून जास्त चालतो, आणि त्याचं एक विलक्षण उदाहरण वाशीमशेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०२५ च्या अखेरीस उघडकीस आलं. आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे सुमारे दीड हजार वस्तीचं गाव. जन्म-मृत्यूच्या ऑनलाइन नोंदीत या ग्रामपंचायतीच्या नावावर तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेले होते. सायबर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला, तपास राज्याबाहेर पोचला. हिशेब करून पाहा. एवढ्या गावात वर्षाला वीस-पंचवीस बाळं जन्मली तर फार. इथे दिवसाला तीनशे! यात कुणी भिंत फोडली नव्हती. गावाच्या नावाचा लॉगिन भलत्या हातात गेला, आणि सर्व्हरच्या दृष्टीनं सगळं नियमानुसार चाललं होतं. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, अर्ज बरोबर. चूक दिसली असती ती फक्त गावाची लोकसंख्या ठाऊक असलेल्या माणसाला.

माझ्या मते हल्ला ओळखण्याचं मर्म इथेच आहे. यंत्राला नियम कळतो, पण रोजचा शिरस्ता ज्याला माहीत आहे त्यालाच विसंगती खटकते. किती, केव्हा आणि कुठून, या तीन प्रश्नांची रोजची उत्तरं ग्रामसेवकाला, शाखेतल्या कारकुनाला, सेवा केंद्राच्या चालकाला तोंडपाठ असतात. शिकवायचं त्यांना आहे. आपण मात्र सुरक्षेचं प्रशिक्षण जिल्ह्याच्या ठिकाणी पडद्यावर चित्रं दाखवून उरकतो.

पासवर्डचे आणि वेबसाइटवरचे हल्ल्यांचे आणखी काही प्रकार आहेत, ते थोडक्यात सांगतो. एकाच खात्यावर हजारो पासवर्ड लावून पाहिले तर खातं लॉक होतं, म्हणून हुशार हल्लेखोर उलटं करतो. ‘वाशीम@१२३’ असा एकच पासवर्ड हजार खात्यांवर लावतो. कुणाचंच खातं लॉक होत नाही, पण ‘लॉगिन फसलं’ अशा नोंदी एका दिवसात सगळ्यांकडे दिसतात. दुसऱ्या साइटवरून चोरलेले नाव-पासवर्ड इथे वापरून पाहणं हा त्याचाच भाऊ. वेबसाइटच्या रकान्यात नावाऐवजी डेटाबेसला हुकूम लिहून पाठवणं, म्हणजे एसक्यूएल इंजेक्शन, हे मात्र बाहेरच्या माणसाला दिसतच नाही. ते ओळखणं साइट बांधणाऱ्याचं काम आहे. साइटचं पहिलं पानच बदलून घोषणा लिहिण्याचा प्रकार उलट सगळ्यांना दिसतो. जून २०२२ मध्ये ठाणे शहर पोलिसांच्या साइटवर तसं झालं. गवगवा फार झाला, पण या प्रकारात नुकसान बहुधा इभ्रतीचंच होतं.

रॅन्समवेअर शेवटी स्वतःच ओळख देतो, कारण त्याला खंडणी मागायची असते. फायलींची नावं बदलतात, एकही उघडत नाही, पडद्यावर धमकी येते. पण तोवर उशीर झालेला असतो. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय सुटला आणि सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पडले. तीनशे डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, उशीर केलात तर सहाशे. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती. ज्यांनी ‘अपडेट नंतर करू’ म्हटलं ते अडकले. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून शिरला, म्हणजे इथे अपडेट करणारेच फसले. त्यानं मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं बंद पाडलं आणि त्याचा फटका थेट न्हावाशेव्यापर्यंत आला. जेएनपीटीतलं एक कंटेनर टर्मिनल ठप्प होऊन ट्रकांच्या रांगा लागल्या.

आपल्या राज्यातलं ठळक उदाहरण एमआयडीसीचं, म्हणजे औद्योगिक विकास महामंडळाचं. मार्च २०२१ मध्ये एका रविवारी पहाटे महामंडळाच्या सर्व्हरमध्ये रॅन्समवेअर शिरला आणि मुख्यालयाबरोबर सोळाही प्रादेशिक कार्यालयांचं काम अडलं. भूखंडाचे अर्ज, पाण्याची बिलं, सगळं थांबलं. यातली वेळ ध्यानात घेण्यासारखी आहे. रविवार, पहाट. फायलींना कुलूप लावायला तास लागतात, आणि त्या तासांत कुणी जागं असू नये अशी हल्लेखोराची इच्छा असते. आधी थोड्या खुणा मिळतात. अँटिव्हायरस आपोआप बंद झालेला असतो. बॅकअप पुसलेला असतो, कारण बॅकअप असेल तर खंडणी कोण देईल? रात्री कुणी नसताना हार्डडिस्कचा दिवा अखंड लुकलुकत असतो. शिपाईकाका कार्यालयात झोपायला असतील तर हा दिवा सगळ्यांत आधी त्यांनाच दिसेल.

वेळेचा हाच डाव पुण्याच्या कॉसमॉस बँकेत खेळला गेला, आणि महाराष्ट्रात घडलेल्या नेटवर्क हल्ल्यांत मला हा सगळ्यांत शिकवणारा वाटतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. दुपारनंतरच्या काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून बनावट व्हिसा कार्डांनी सुमारे बारा हजार व्यवहार झाले आणि ७८ कोटी रुपये निघाले. त्याच वेळी भारतात रुपे कार्डांवर २,८०० व्यवहार, अडीच कोटी. नंतर सोमवारी, १३ तारखेला, बँका परदेशी पैसे पाठवायला वापरतात त्या स्विफ्ट यंत्रणेतून आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यावर गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. १९०६ सालची, शंभरी ओलांडलेली बँक.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र पैसे देण्याआधी बँकेला विचारतं. हा प्रश्न थेट खातेवहीपर्यंत जात नाही. मध्ये ‘स्विच’ नावाचा सर्व्हर असतो. तो प्रश्न घेतो, मुख्य प्रणालीत शिल्लक तपासून घेतो आणि हो किंवा नाही असं उत्तर परत पाठवतो. हल्लेखोरांनी मालवेअरच्या जोरावर खऱ्या स्विचच्या जागी आपला तोतया उभा केला. पंढरीच्या देवळात बडवा बदलून टाकावा आणि नव्यानं सगळ्यांनाच गाभाऱ्यात सोडावं, तसं झालं. तोतया मुख्य प्रणालीला विचारायचाच नाही, आलेल्या प्रत्येक मागणीला ‘द्या’ म्हणायचा. म्हणून कुठल्याही ठेवीदाराच्या खात्यातला एक रुपया हलला नाही. गेला तो बँकेचा पैसा. आणि म्हणूनच आतून बघणाऱ्याला काही चुकतंय असं वाटलं नाही. खातेवही स्वच्छ, तक्रार कुणाचीच नाही.

तरी खुणा होत्या. नागपूर-पुण्यात खाती असलेले लोक एकाच संध्याकाळी अठ्ठावीस देशांत पैसे काढत नाहीत. नाकारलेल्या व्यवहारांचं प्रमाणही बोलकं असतं. कुणाचा पिन चुकतो, कुणाची शिल्लक संपलेली असते, त्यामुळे एरवी शंभरांतले काही नाकारले जातातच. तोतया कुणालाच नाही म्हणत नसेल तर ते प्रमाण एकदम घसरायला हवं. सगळं सुरळीत चालणं हीसुद्धा खूण असते, पण ती बघायची सवय कुणाला नसते. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. ते होते एटीएमपुढे उभं राहून पैसे काढणाऱ्या साखळीतले. तोतया बनवणारे त्या पिंजऱ्यात नव्हते.

कॉसमॉसच्या अडीच वर्षं आधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर असेच गेले. तिथे चोरीचा दिवस गुरुवारची रात्र, कारण ढाक्यात शुक्रवारी सुट्टी. आणि पहिली खूण काय होती? स्विफ्टचे संदेश छापणारा प्रिंटर बंद पडला होता. प्रिंटर काय, बंद पडतोच, असं म्हणून कर्मचाऱ्यांनी तो दुसऱ्या दिवशीवर टाकला. प्रिंटर हल्लेखोरांनीच गप्प केला होता.

‘हे मोठ्या शहरांतलं’ असं म्हणायची सोय आता राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या ग्राहकांनी आरटीजीएसनं पाठवलेले सुमारे पावणेचार कोटी रुपये भलत्याच खात्यांत जमा झाले. ज्यांना पैसे मिळायचे होते त्यांनी ‘अजून आले नाहीत’ म्हटलं तेव्हा शोध लागला. वाशीम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, पण जिल्हा बँक आजही दोघांची एकच आहे. पीककर्ज, अनुदान, सोयाबीनचे पैसे याच वाटेनं येतात. व्यापाऱ्यानं पैसे पाठवल्याचा संदेश दाखवला आणि शेतकऱ्याच्या खात्यात ते दिसत नसतील, तर दोष व्यापाऱ्याचाच असेल असं नाही.

एवढं सांगूनही एक प्रकार उरतो, ज्यात तुमची बँकही निर्दोष असते. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणकसेवा पुरवते. ३१ जुलैला देशाचं किरकोळ पेमेंट जाळं चालवणाऱ्या एनपीसीआयनं तिला त्या जाळ्यापासून तोडलं, आणि तीनशेच्या आसपास छोट्या बँकांचं यूपीआय, एटीएम एकदम थांबलं. दुसऱ्या दिवशी तपासणी करून परत जोडलं. त्या दिवशी या बँकांच्या ग्राहकांना दिसलं ते एवढंच, की पैसे जात नाहीत, सर्व्हर डाऊन आहे. पण ते थांबणं म्हणजे हल्ला नव्हता. पुढे पसरू नये म्हणून मुद्दाम ओढलेली ती साखळी होती. तेव्हा ‘डाऊन’ दिसलं की घाबरून दहा वेळा पैसे पाठवायचा प्रयत्न करू नये. बँकेचं अधिकृत निवेदन वाचावं, आणि ‘मी सुरू करून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन तर मुळीच घेऊ नये. खरा सर्व्हर बंद असताना खोट्या मदतनीसांचा धंदा सगळ्यांत तेजीत असतो.

आपल्या बाबतीत असं काही घडलं तर पैशांच्या फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे. चोरलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात पळत असते. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर ती वाटेत गोठवता येते, दुसऱ्या दिवशी केला तर क्वचितच. कार्यालयातल्या संगणकावर संशय आला तर नेटची तार काढावी, पण संगणक बंद करू नये. मालवेअरचे बरेच पुरावे चालू स्मृतीत असतात, ते वीज गेली की जातात. संस्थांना आणखी एक बंधन आहे. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या देशाच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवायचं, आणि यंत्रांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस सांभाळून ठेवायचे. त्याच आदेशात आणखी एक कलम आहे, ज्याकडे कुणी फारसं पाहत नाही. सगळ्या यंत्रांची घड्याळं सरकारी वेळेशी जुळलेली हवीत. भारनियमनात सतत बंद-चालू होणारे आपल्याकडचे जुने संगणक आतली बॅटरी संपली की तारीख विसरतात आणि खुशाल १ जानेवारी दाखवत बसतात. अशा कार्यालयात तपासाला आलेल्या माणसाचा पहिला अर्धा दिवस एकाच गोष्टीत जातो : लॉगमध्ये रात्रीचे दोन लिहिलंय, ते खरंच रात्रीचे दोन होते का.